जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतो आहोत, समोरची गाडी भरवशाची आहे की नाही हे कसं ओळखायचं?

पुलगावची_लेक

नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. मी शाळेत शिकवते, शाळा घरापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. मिस्टर बुटीबोरीला कंपनीच्या बसनं जातात. महिन्यातून एक-दोनदा पुलगावला आईकडे जाणं होतं. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, छोट्या गाडीत वाकून बसणं त्यांना जमत नाही, म्हणून थोडी उंच गाडी हवी आहे. नवीन घ्यायची ऐपत सध्या नाही. साडेसात लाखांच्या वर जाता येणार नाही, आणि त्यातच ट्रान्सफर, इन्शुरन्स, किरकोळ कामं सगळं बसवायचं आहे.

दोन गाड्या पाहिल्या.

एक ह्युंदाई व्हेन्यू, १.२ पेट्रोल. नोंदणी फेब्रुवारी २०२०, एमएच-३१, पहिलाच मालक, मीटरवर ३८ हजार. डीलरकडे आहे, ६ लाख ७० हजार सांगतो. आतून-बाहेरून नव्यासारखी दिसते. "एकही क्लेम नाही, नॉन-ॲक्सिडेंटल, लेडीज ड्रिव्हन" असं सांगितलं.

दुसरी मारुती व्हिटारा ब्रेझा, डिझेल, २०१९ ची, एमएच-४०, दुसरा मालक, ८२ हजार किलोमीटर. उमरेडकडच्या एका गृहस्थांची आहे, मध्ये डीलर नाही. ६ लाख ४० हजार म्हणतात. बंपरवर ओरखडे आहेत, मागचं सीट कव्हर फाटलेलं आहे.

घरी सगळ्यांना व्हेन्यू आवडली. एमएच-४० म्हटल्यावर दीर लगेच म्हणाले, खाणीवर चाललेली असेल, हात लावू नका.

इंटरनेटवर जे वाचलं त्यात सगळी भांडणं अमुक मॉडेल चांगलं की तमुक यावरच. मला घ्यायची आहे ती समोर उभी असलेली एकच गाडी. ती पुढची पाच-सहा वर्षं त्रास देणार नाही, याचा अंदाज माझ्यासारखीनं कसा घ्यायचा? ओळखीत मेकॅनिक कोणी नाही. कृपया सांगा.

---

हिंगणा_एमआयडीसी

ताई, डीलर आणि मालक दोघांनाही सोडा. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांचीच जुन्या गाड्यांची शोरूम असतात, तिथून वॉरंटीवाली घ्या. चाळीस-पन्नास हजार जास्त जातील, पण झोप लागेल. आणि कोणी दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी दाखवली तर तिकडे वळू नका. तिथं १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली होती म्हणून त्या गाड्या इकडे येऊन राहिल्या. आपल्याकडे तो नियम नाही, पण दुसऱ्या राज्याची गाडी म्हणजे एनओसी, पुन्हा नोंदणी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, सगळं आलं. स्वस्ताई तिथंच संपते.

---

जुना_सर्वेअर

ताई, मी नागपुरात बरीच वर्षं मोटार इन्शुरन्सचा सर्वेअर होतो. ठोकलेली, जळालेली, पाण्यात बुडालेली गाडी गॅरेजला आली की नुकसान किती, दुरुस्त करायची की टोटल लॉस धरायचा, हे पाहणं माझं काम. पुढे त्यातल्याच काही गाड्या पॉलिश होऊन विक्रीला उभ्या दिसायच्या, आणि घेणारी माणसं हार-नारळ घेऊन आलेली असायची. ते पाहून जीव तुटायचा. म्हणून सविस्तर लिहितो.

मॉडेलची काळजी आधी सोडा. व्हेन्यूचं १.२ म्हणजे टर्बो नसलेलं, साधं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. ब्रेझाचं १.३ डिझेल मुळात फियाटचं, १२४८ सीसी, टायमिंग चेनवालं. स्विफ्ट-डिझायरमध्ये वर्षानुवर्षं हेच होतं. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, तरी या इंजिनाचा पार्ट आणि ते उघडणारा मिस्त्री तालुक्याच्या गावातही सापडतो. दोन्ही इंजिनं जाणती आहेत. पाच-सहा वर्षं वापरलेल्या गाडीचा भरवसा चार आणे कंपनीच्या हातात असतो, बारा आणे आधीच्या मालकाच्या.

आता त्या मालकानं काय केलं हे कोणाला विचारायचं? गाडीलाच. गाडीवर आणि तिच्या कागदांवर जागोजागी तारखा असतात. विकणारा एक तारीख लपवील, मीटर मागे करील, पण सगळ्या तारखा एकमेकींशी जुळवून ठेवणं फार कठीण. तुम्ही शिक्षिका आहात, हजेरीपट तपासता तसं हे तपासा. टॉर्च आणि मोबाईल पुरे.

टायरपासून सुरुवात करा. टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर पाहा, स्टेपनीसकट. स्टेपनी बहुतेक वेळा कंपनीतून आलेलीच असते, तिची तारीख गाडीच्या जन्माच्या थोडी आधीची हवी. बाकी चार कधी बदलले ते पाहा. टायरचा पहिला जोड आपल्याकडे साधारण ४० ते ५० हजार किलोमीटर जातो. मीटर जे सांगतं त्याच्याशी टायरची तारीख जुळते का, हा हिशेब मनात करा. दुसरी गोष्ट म्हणजे पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर, त्यावर नक्षी कितीही उरलेली असो, मे महिन्यात समृद्धीच्या काँक्रीटवर १२० च्या वेगानं नेऊ नये. रबर आतून कडक झालेलं असतं, ते वरून दिसत नाही.

मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात छाप असतो. सगळ्या काचा एकाच कंपनीच्या आणि एकाच काळातल्या वाटल्या पाहिजेत. समोरची काच गिट्टीनं फुटून बदललेली चालते, हायवेला ते होतंच. पण दाराची किंवा मागच्या कोपऱ्याची काच वेगळी निघाली तर त्या बाजूला ठोकर बसली होती का हे विचारा. त्याच बाजूच्या दाराची रबर बीडिंग बोटानं सोडवून आतला पत्रा पाहा. कंपनीच्या स्पॉट वेल्डचे ठसे गोल आणि सारख्या अंतरावर असतात. नंतर ठोकून जोडलेल्या पत्र्यावर ते नसतात किंवा वेडेवाकडे असतात. बॉनेट उघडून पुढचे एप्रन (चाकांवरचा आतला पत्रा) आणि बॉनेटच्या बिजागरीचे बोल्टही पाहा. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडाला असेल तर तो पान्यानं खोललेला आहे. बंपर आणि फेंडरच्या ओरखड्यांना मी काही मोल देत नाही, नागपुरात दुचाक्यांमधून वाट काढणाऱ्या गाडीवर ते असणारच. पिलर (छत धरणारे खांब), एप्रन आणि खालची चासी, हा गाडीचा सांगाडा. तो सरळ नसेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा.

एअरबॅगचं नीट वाचा. चावी ऑन केली, इंजिन चालू न करता, की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो विझतच नसेल तर दोष आहे. आणि तो लागलाच नाही, तर त्याहून वाईट. बॅग एकदा फुटल्यावर नवीन बसवायचा खर्च मोठा, म्हणून काही जण डॅशबोर्ड शिवून घेतात आणि दिवा काढून टाकतात. असली गाडी वरून पूर्ण दिसते, आणि ज्या क्षणासाठी बॅग आहे त्या क्षणी आत काही नसतं. काही जण तो दिवा दुसऱ्या दिव्याच्या वायरला जोडतात, म्हणजे दोन्ही एकदमच लागतात आणि एकदमच विझतात. हे पण पाहा. सीटबेल्टवर खाली जमिनीजवळ एक चिठ्ठी असते, तिच्यावरही तारीख असते. ती गाडीच्या वर्षापेक्षा बरीच नंतरची असेल तर बेल्ट का बदलला हे विचारायलाच पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे फारसं कोणी सांगत नाही. चालू इन्शुरन्स पॉलिसीची प्रत मागा. वैधता पाहायला नाही, तिच्यातला नो क्लेम बोनस पाहायला. एकही क्लेम नसेल तर पहिल्या नूतनीकरणाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० असा तो चढत जातो. एक क्लेम झाला की पुढच्या वर्षी शून्य. तुमची व्हेन्यू फेब्रुवारी २०२० ची, पहिलाच मालक. खरंच एकही क्लेम नसेल तर फेब्रुवारी २०२५ च्या पॉलिसीत ५० टक्के असायला हवेत. पॉलिसी संपून ९० दिवसांच्या वर गाडी तशीच राहिली तरीही बोनस जातो, म्हणून नुसत्या शून्यावरून गुन्हा ठरवू नका. पण कमी दिसला तर कोणत्या वर्षात काय झालं याचं उत्तर मागा.

आणि २३ सप्टेंबर २०२३ लक्षात ठेवा. त्या रात्री काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोकांच्या घरांत पाणी शिरलं. पार्किंगमधल्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. एमएच-३१ ची, शहरातली, २०२३ च्या आधीची कोणतीही गाडी पाहताना हा प्रश्न मनात असलाच पाहिजे. बुडालेल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं. विजेचं काम मात्र मागे लागतं. कनेक्टरच्या पिना आतून हिरव्या पडत जातात आणि वर्षा-दोन वर्षांनी आज पॉवर विंडो, उद्या सेन्सर, परवा गाडी चालूच होत नाही, असं सुरू होतं. एअरबॅगचा कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतो. पाणी आधी तिथं पोचतं.

त्यासाठी पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी थांबेपर्यंत. शेवटची वीत-दीड वीत कधीच बाहेर येत नाही, त्यामुळे धुणाऱ्याचंही तिकडे लक्ष जात नाही. तिथं मातकट रेष किंवा हाताला रेती लागली तर पुढे काही पाहू नका. सीटच्या रुळांचे बोल्ट, कार्पेटची खालची बाजू, स्टेपनीचा खड्डा पण टॉर्चनं पाहा. सुगंधाचा जोरदार स्प्रे मारलेला असेल तर काचा बंद करून उन्हात अर्धा तास गाडी ठेवायला सांगा आणि मग दार उघडा.

एमएच-४० बद्दल तुमच्या दिरांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. एमएच-४० म्हणजे नागपूर ग्रामीण. त्यात उमरेडची कोळशाची खाण आहे आणि बेसा-हिंगण्याच्या घरगुती गाड्या पण आहेत. नंबरावरून ठरवू नका. एअर फिल्टरची पेटी उघडा, फिल्टर नवीन टाकला असला तरी पेटीच्या तळाशी आणि समोरच्या काचेखालच्या जाळीत काळी भुकटी साचली आहे का ते बोट फिरवून पाहा.

हिंगणावाले भाऊ, वॉरंटीवाली गाडी घ्यायला हरकत नाही. पण त्या वॉरंटीत क्लच, सस्पेन्शन, ब्रेक, बॅटरी, एसीतलं काय येतं आणि काय नाही ते पान आधी वाचावं. बहुतेक ठिकाणी इंजिन आणि गिअरबॉक्सच असतं, आणि लोकांचा पैसा जातो बाकीच्या गोष्टींवर. शोरूममधली गाडी असली तरी बेल्ट ओढून पाहायलाच हवा.

ताई, दोन्ही गाड्यांचं पाहून इथं लिहा. मी वाचतो.

---

कळमना_गॅरेज

काकांनी एक नंबर सांगितलं. माझं गॅरेज आहे, मी इंजिनाचं सांगून देतो.

गाडी पाहायला सकाळी सहा-सातला जा आणि आधीच सांगून ठेवा की चालू करायची नाही. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. सकाळी गरम लागलं म्हणजे त्यानं आधीच चालू करून घेतली. थंड इंजिन खरं बोलते. दुपारी जाल तर मे महिन्यात बॉनेट तसंच भाजते, काहीच समजणार नाही.

चालू करताना सेल (स्टार्टर) किती वेळ फिरतो ते ऐका. डिझेलला जरासा काळा धूर एक्सलेटर दाबल्यावर येते, त्याचं काही नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळून राहिलं. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर नको. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. वाफेसारखा थोडा धूर चालते, पण भकाभक हवा बाहेर मारत असेल, झाकण उडवत असेल, तर बॅक कम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिन आतून झिजलं. तिथून सरळ घरी या.

क्लच पाहायची सोपी पद्धत आहे. मोकळ्या जागी हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. बंद न पडता घुरघुरत राहिलं तर प्लेट गेली. वारंवार करू नका, एकदाच पाहा.

कूलंटची टाकी पाहा, थंड असतानाच, गरम रेडिएटरचं झाकण कधीच खोलायचं नाही. कूलंटला रंग पाहिजे, हिरवा किंवा गुलाबी. आपल्याकडे उन्हाळ्यात लोक बोअरचं पाणी ओततात, त्यानं आत क्षार बसतात आणि गंज चढतो. पाणी तपकिरी दिसलं तर रेडिएटर, वॉटर पंप, हेडगॅस्केट, तिघांचाही भरवसा नाही.

मग दुसरी चक्कर दुपारी दोनला. गाडी उन्हात उभी, एसी फुल, गाडी जागेवर चालू. वीस मिनिटं बसा. चालत्या गाडीत एसी सगळ्यांचाच थंड लागते. उभ्या गाडीत हवा कोमट झाली तर फॅन, कंडेन्सर नाहीतर कॉम्प्रेसर. टेम्परेचरचा काटा पण तेव्हाच पाहा. नागपूरच्या ४५ डिग्रीत जी गाडी वीस मिनिटं हा मार सहन करते, ती वर्षभर चालते.

ब्रेकरवर कटकट आवाज आला तर घाबरू नका. लिंक रॉड, बुश, लोअर आर्म, हे सस्पेन्शनचं स्वस्तातलं काम आहे. भाव पाडायला वापरा.

---

पुलगावची_लेक

काका, कळमन्याचे दादा, दोघांचेही मनापासून आभार. सगळं वहीत उतरवून घेतलं आणि दोन्ही गाड्या पुन्हा पाहून आले.

व्हेन्यू: स्टेपनी ४९१९. चारही टायर १८२३. पॉलिसी डीलरनं आधी "व्हॉट्सॲप करतो" म्हणून टाळली, मी मिळाल्याशिवाय टोकन देणार नाही म्हटल्यावर दाखवली. फेब्रुवारी २०२५ ची आहे, नो क्लेम बोनस २० टक्के. एअरबॅगचा दिवा लागून विझला. ड्रायव्हरचा बेल्ट स्वच्छ होता. बाजूच्या सीटचा पूर्ण ओढला तर शेवटच्या टोकाला पिवळसर पट्टा दिसला, बोटाला बारीक रेती लागली. डीलर म्हणाला पावसात काच उघडी राहिली असेल. सर्व्हिस रेकॉर्ड मागितला, तर मालक बाहेरगावी आहे म्हणाला.

ब्रेझा: मालक स्वतः गाडी काढून उभे होते, पण चालू केलेली नव्हती. स्टेपनी २०१९ ची, चार टायर २०२२ चे. त्यांनी गाडी २०२२ मध्ये घेतली, आता बोनस ३५ टक्के आहे. बिलांची फाईल दिली. पहिली तीन वर्षं कंपनीत सर्व्हिस, नंतर उमरेडच्या गॅरेजमध्ये. जाळीत बोट फिरवलं, साधी माती होती, काळी भुकटी नव्हती. बेल्टच्या तारखा २०१९ च्याच. धूर नाही, ऑइलच्या झाकणातून जरा वाफ आली. क्लचच्या परीक्षेत इंजिन बंद पडलं, पण लगेच नाही, जरा ओढून मग. पायाला पण जड वाटला. दुपारी एसी चांगला चालला, काटा अर्ध्यावरच राहिला. ब्रेकरवर पुढून कटकट येते.

काका, व्हेन्यूचं तुम्ही कसं वाचता? घरी अजूनही ती गाडी हवी आहे, म्हणून विचारते. आणि माझ्या रोजच्या सहा-सात किलोमीटरला डिझेल चालेल का? डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) जाम होतो असं वाचलं.

---

जुना_सर्वेअर

ताई, तुम्ही फार नीट पाहिलंत.

व्हेन्यूचा बोनस २० म्हणजे मागच्या पॉलिसी वर्षात, फेब्रुवारी २०२४ ते फेब्रुवारी २०२५, क्लेम नाही. पण त्याच्या आधीच्या वर्षी तो तुटला. ते वर्ष फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२४. सप्टेंबर २०२३ त्यातच येतो. पुढच्या बेल्टची गुंडाळी मधल्या पिलरच्या बुडाशी, जमिनीपासून थोड्याच उंचीवर असते. उघड्या काचेतून पाऊस आला तर बेल्टचा वरचा, बाहेर लटकणारा भाग भिजेल. आत गुंडाळलेल्या शेवटच्या टोकाला रेती लागायला गाडीत पाणी साचून उभं राहावं लागतं. बोनस आणि बेल्ट दोन्ही एकाच वर्षाकडे बोट दाखवतात.

टायरची गोष्ट वेगळी आहे. पाण्यानं टायर खराब होत नाही. पण १८२३ म्हणजे मे २०२३. मीटर खरं असेल तर तेव्हा गाडी पंचवीस हजारांच्या आसपास असणार. पंचवीस हजारात चारही टायर संपत नाहीत. एखादा फाटला म्हणून बदलला असता तर एक किंवा दोन बदलले असते. म्हणून ३८ हजारांवर माझा विश्वास नाही. सर्व्हिस रेकॉर्ड मालकाला त्याच्या मोबाईलवर बसल्या जागी मिळतो, त्याला गावात असायची गरज नाही. तो दाखवायचा नाही म्हणून बाहेरगाव आहे.

घरच्यांना सांगा की ती गाडी आज चालेल, पुढचा पावसाळाही चालेल कदाचित. पण सासऱ्यांना घेऊन रात्री पुलगावहून येताना सगळे दिवे गेले तर काय, हा विचार त्यांनी करावा. मी माझ्या मुलीला ही गाडी पाच लाखांतही घेऊ देणार नाही.

ब्रेझाचं मात्र सगळं जुळतं. ८२ हजार किलोमीटर, पहिले टायर तीन वर्षांनी बदलले, २०२२ मध्ये मालक बदलला म्हणून बोनस शून्यापासून सुरू होऊन २०, २५, ३५ असा चढला. कुठंच अडखळत नाही. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, म्हणून दुसऱ्या मालकाकडे तो पुन्हा पहिल्यापासून मोजायचा.

डीपीएफची भीती या गाडीला लागू नाही. ही बीएस-४, म्हणजे प्रदूषणाच्या आधीच्या नियमांतली, तिच्यात डीपीएफ नाही. बीएस-६ डिझेल असती तर तुमच्या वापराला मी सरळ नाही म्हटलं असतं. त्या जाळीतली काजळी जाळायला एक्झॉस्ट बराच वेळ तापलेला राहावा लागतो आणि सहा-सात किलोमीटरच्या शाळेच्या फेऱ्यांत ते होत नाही. बीएस-४ मध्येही थंड इंजिनानं रोज तोकडं चालणं ईजीआरला (जळलेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारा भाग) चांगलं नाही, पण तुमची पुलगावची फेरी शंभर किलोमीटरच्या वर जाते. महिन्यातून एक-दोनदा इंजिन नीट तापून पळालं की बरंच निभतं. त्या फेऱ्या बंद करू नका.

क्लच त्यांनाही माहीत असणार. तो आणि पुढची कटकट धरून भाव करा. पण फार ताणू नका, खरं बोलणारा विकणारा सहज मिळत नाही.

---

पुलगावची_लेक

काल बोलणी झाली. त्यांनी ६ लाख ५ हजाराला होकार दिला, क्लच आमच्याकडे. मिस्टरांनी व्हेन्यूच्या डीलरला फोन करून नाही सांगितलं. सासऱ्यांनी ब्रेझात बसून पाहिलं, चढताना हात धरावा लागला नाही.

कागदपत्रांचं काय काय पाहायचं? आरसीवर बँकेचं नाव आहे, कर्ज फिटलं असं ते म्हणतात.

---

जुना_सर्वेअर

कर्ज फिटलेलं असेल, पण आरसीवरून बँकेचं नाव उतरल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर होणार नाही. त्यांच्याकडून बँकेची एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्या. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नोंदणी, इन्शुरन्स, पीयूसी बघून घ्या. ई-चलन बाकी असतील तर ती त्यांच्याकडून आधी भरून घ्या, समृद्धीवरची वेगाची चलनं उशिरा लक्षात येतात. ज्या दिवशी गाडी ताब्यात घ्याल त्या दिवशी तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्यांचा कागद करा. त्या वेळेच्या आधीचं चलन त्यांचं, नंतरचं तुमचं.

इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करा. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही. आणि त्यांच्या ३५ टक्के बोनसची सूट उरलेल्या महिन्यांपुरती तुम्हाला भरून द्यावी लागेल. तेवढे पैसे बजेटात आधीच बाजूला ठेवा. शेवटचा हप्ता फॉर्म ३५ हातात आल्यावरच द्या, ते चांगले गृहस्थ असले तरी.

---

कळमना_गॅरेज

ताई, अभिनंदन. गाडी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि कूलंट बदलून टाका, आधीच्यानं कधी बदललं ते विचारत बसू नका. कूलंट तयार मिळते तेच टाकायला सांगा, वरून पाणी नको. क्लच उघडाल तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदमच टाकायचे, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा देऊ नका. फ्लायव्हीलवर निळे डाग आहेत का ते मिस्त्रीला उघडल्यावर तुम्हाला दाखवायला सांगा, तेव्हा समोर उभ्या राहा. लिंक रॉड दोन्ही बाजूचे टाका. २०१९ ची स्टेपनी गावात चालते, लांब जायच्या आधी बदला.